मागाल तितका रस्सा

तक्रार भाकरीची होती. सोलापूरच्या जुळे सोलापूर या वस्तीतल्या एका घरातून, जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर, मटण रस्सा, शेंगाचटणी आणि चार कडक भाकऱ्या अशी ऑर्डर आली. नवी पेठेच्या बाजूच्या एका खाणावळीतून पार्सल निघालं आणि पाऊण तासात खाणावळीच्या टॅबवर, अ‍ॅपच्या ऑर्डरी दिसतात त्या पडद्यावर, फोटो आला: डब्यात भाकरीचे तुकडे. खाली एकच ओळ, 'भाकरी तुटलेली आली.' अ‍ॅपनं लगेच गिऱ्हाइकाला भाकरीचे ८० रुपये परत केले आणि खाणावळीच्या हिशेबातून ते वळते करून घेतले. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. मालकानं फोटो दोनदा पाहिला, टॅब पालथा घातला आणि तो आत पंगतीकडे वळला.

कडक भाकरी मोडायचीच असते. ज्वारीची पातळ थापलेली भाकरी तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायची, मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी पुरतं उडेपर्यंत वाळवायची. ताटात तळहातानं दाबली की कडकन मोडते. त्या चुऱ्यावर रस्सा ओतायचा आणि तुकडे अर्धे भिजलेत, अर्धे अजून कुरकुरीत आहेत तेवढ्यात खायला लागायचं. अशी भाकरी महिनाभर सहज टिकते, म्हणून गावाकडून पोरांच्या पिशवीत जाते, पुण्या-मुंबईच्या खोल्यांवर पोचते. तक्रार करणारा माणूस बहुधा बदलीवर आलेला असेल. त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पैसे मोजून मागवलेली वस्तू मोडकी दिसली, त्यानं सांगितलं. तोच माणूस खाणावळीत बाकावर बसला असता तर वाढप्यानं जाता जाता भाकरी त्याच्या ताटात चुरून दिली असती, 'असं घ्या साहेब, वरून रस्सा सोडतो' म्हणत ओगराळं पुढं केलं असतं, आणि तो दुसऱ्या खेपेला चार माणसं घेऊन आला असता.

८० रुपयांचं काही नाही. वाढप्याचं ते एक वाक्य पार्सलमध्ये घालता येत नाही, ही गोष्ट मात्र मनातून जात नाही.

सोलापुरी खाणावळीचा सगळा धंदा मागून वाढण्यावर उभा आहे. स्टीलचं ताट समोर येतं. त्यात कांद्याच्या फोडी, लिंबू, कडेला तेल सुटलेली शेंगाचटणी, वाटीत मोजून चार-पाच फोडी मटण. फोडी मोजलेल्या, पण रस्सा मोजलेला नसतो. बादली घेऊन पोरगा फिरतच असतो, वाटी निम्म्यावर आली की न विचारता भरतो. भाकरी तव्यावरून थेट ताटात. पहिली भाकरी खाताना दुसरी भाजली जात असते, आणि तव्याशी बसलेल्या मावशींना न बघता कळतं की तिसऱ्या बाकावरचा माणूस अजून दोन घेणार. कुणी दोन भाकऱ्यांवर उठतो, कुणी पाच हाणतो. संध्याकाळी गल्ल्यात सरासरी बसते. खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर चौथी वाटी रस्सा फार स्वस्त. कांदा-खोबरं भाजलेलं वाटण, घरचं काळं तिखट, मटणाचं पाणी आणि गॅस. पण त्या चौथ्या वाटीनंच माणूस बांधला जातो. आमच्या जिल्ह्यातली बाजार आमटीही याच हिशेबानं चालते: आठवड्याच्या बाजाराला आलेला माणूस पोटभर जेवून गेला पाहिजे, आमटीचं माप कुणी काढायचं नाही.

पार्सलमध्ये मात्र माप काढावंच लागतं. २५० मिलीलिटरचा डबा, दोन भाकऱ्या, एक पुडी चटणी. ज्याच्या पोटाला पाच भाकऱ्या लागतात तो उपाशी राहतो आणि 'क्वांटिटी कमी' असं लिहितो. ज्याला दीड पुरते त्याचं अर्ध अन्न टाकून जातं. बाकावर बसलेल्या शंभर माणसांची जी सरासरी मालकाच्या हातात बसली होती, ती इथं कुणाच्याच उपयोगाची नाही.

आता पैशाचं बोलू. हा भाग बहुतेक मालकांनी नीट मांडून पाहिलेला नसतो आणि मांडला की त्यांची झोप उडते. थाळी काउंटरवर २०० रुपयांना आहे असं धरू. अ‍ॅपवरही २०० च ठेवली आणि 'वीस टक्के सूट'ला होकार दिला. तो होकार एका बटणावर असतो, घाईत दाबला जातो, आणि बहुतेक वेळा ती सूट हॉटेलच्या खिशातून जाते. ४० गेले, राहिले १६०. पॅकिंगचे १० लावले, झाले १७०. कमिशन सहसा या पॅकिंगसकट रकमेवर बसतं. ते करारागणिक वेगळं असतं. २२ टक्के धरलं तर ३७ रुपये ४० पैसे. पैसे वसुलीचा आकार २ टक्क्यांच्या आसपास, ३ रुपये ४० पैसे. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये ३४ पैसे. आयकराची ०.१ टक्का कपात. ऑक्टोबर २०२४ च्या आधी ती १ टक्का होती. हातात उरतात १२२ रुपयांच्या आतबाहेर. डबे, पिशवी, टेप मिळून १६ गेले की १०६. कच्चा माल ८० चा. राहिले २६. त्यात गॅस, मावशींची मजुरी, भाडं, लाईटबिल, आणि सोलापूर आहे म्हटल्यावर पाण्याचा टँकर. काउंटरवर त्याच थाळीमागं १२० राहतात. वर अ‍ॅपमध्ये जाहिरात लावली आणि तिला विक्रीचे ५ टक्के गेले, तर १८ टक्के करासकट आणखी १२ रुपये वजा करा.

कमिशनवरचा तो १८ टक्के कर नीट समजून घ्यायला हवा. साध्या हॉटेलाला जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्या दरात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे कमिशनवर दिलेला कर कुठूनही परत येत नाही, तो सरळ खर्च. २२ आणि २ मिळून २४ टक्के, त्यावर १८ टक्के, असे प्रत्यक्षात २८.३२ टक्के जातात. इथंच पुष्कळांची गफलत होते. 'बावीस टक्के घेतात ना, मग बावीस टक्के दर वाढवू' म्हणून २०० ची थाळी २४४ ला टाकतात. २४४ मधून २८.३२ टक्के वजा केले की येतात १७५. दर वाढवूनही पंचवीस रुपये खड्ड्यात. बरोबर रीत अशी की जेवढे हातात हवेत त्या रकमेला ०.७१६८ नं (शंभरातून २८.३२ गेले की उरतात ते ७१.६८) भागायचं. २०० थाळीचे आणि १६ डब्याचे, २१६ भागिले ०.७१६८, आले ३०१. सूट द्यायची असेल तर तीही याच हिशेबात आधी धरायची, मागाहून नाही.

आता ही ३०१ ची थाळी गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहा. तिच्यावर ५ टक्के कर, पोचवण्याचे पैसे, अ‍ॅपची स्वतःची फी; ही फी २०२३ मध्ये २ रुपयांनी सुरू झाली होती आणि पुढं वाढतच गेली. बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. कराचीही एक खोच आहे. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी अ‍ॅप कंपनीनंच गोळा करून भरायचा असा नियम झाला. हॉटेलची स्वतःची जीएसटी नोंदणी नसली, उलाढाल मर्यादेच्या आत असली, तरी अ‍ॅपवर तो लागतोच. त्यामुळे लहान खाणावळीत बाकावर बसून खाल्लं तर कर नाही, तेच ताट घरी मागवलं तर ५ टक्के. मालकाच्या डोक्यावरचं एक काम कमी झालं हे खरं, पण समोरासमोर आणि पडद्यावर अशा दोन किमतींमधली दरी आणखी रुंद झाली. मग गिऱ्हाईक विचारतं, 'काउंटरला दोनशे आणि इथं साडेतीनशे? लुटताय का?' लुटणारा म्हणून तोंड दिसतं ते खाणावळीचंच.

मोठ्या शहरांतल्या हॉटेलवाल्यांनी यावर आवाज उठवला. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं जुलै २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे झोमॅटो आणि स्विगी या दोन अ‍ॅप कंपन्यांविरुद्ध तक्रार केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगानं चौकशीचे आदेश दिले. दर सगळीकडे सारखे ठेवण्याच्या अटी आणि काही निवडक हॉटेलांना मिळणारं झुकतं माप हे त्यातले मुद्दे. जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोनं उबर ईट्सचा इथला धंदा विकत घेतल्यावर हा बाजार मुख्यतः दोघांच्याच हातात राहिला होता. आपल्या गावच्या खाणावळवाल्यापर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. त्याच्यापुढे दर काही महिन्यांनी अ‍ॅपचा एक तरुण माणूस येतो, गोड बोलतो, नवी योजना समजावतो, आणि तो समजावतो तोवर तव्यावर भाकरी करपू नये ही मालकाची चिंता असते.

पैसे येतात आठवड्यानं. गल्ल्यावर चालणाऱ्या धंद्याला हे कमिशनाइतकंच जड जातं. मटणवाल्याला सकाळी सातला रोख लागते. मंडईत कोथिंबिरीची जुडी कुणी आठवड्याच्या बोलीवर देत नाही. एकोणीस किलोचं सिलिंडर रोखीनंच येतं. मावशींना रोजच्या रोज पैसे द्यावे लागतात, कारण त्यांचं घर त्याच पैशावर त्याच संध्याकाळी चालतं. सोमवारी विकलेल्या रश्श्याचे पैसे पुढच्या आठवड्यात येणार, म्हणजे मधल्या दिवसांचं भांडवल खाणावळवाल्यानं घालायचं. विक्रीतला पाचवा हिस्सा ऑनलाइन असेल तर हे निभतं. निम्मा झाला की उधारी सुरू होते.

डबाबंद करणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती अजून आपल्याकडे पुरती रुजलेली नाही. रश्श्याचंच घ्या. चुलीवरून उतरवलेला उकळता रस्सा डब्यात ओतून झाकण दाबलं की वाफ झाकण उचलते, आणि हॉटगी रोडच्या पहिल्या गतिरोधकाला पिशवीत लाल ओघळ. दोन-तीन मिनिटं उघडा ठेवावा, त्याहून जास्त नाही. साठ अंशांच्या खाली रेंगाळलेलं मटण घरी पोचवणं धोक्याचं. डबा काठापर्यंत भरू नये, वर बोटभर जागा सोडावी. वरची तर्री आधी काढून पन्नास मिलीच्या छोट्या वाटीत वेगळी द्यावी. तेल वर तरंगतं आणि पातळ असतं, झाकणाच्या फटीतून पहिलं तेच बाहेर येतं, म्हणून गळती जवळपास सगळी तर्रीची असते. वेगळी दिली की गळणं थांबतं, शिवाय ज्याला तिखट सोसत नाही तो ती घालत नाही. झाकणावर पातळ फिल्मचे दोन वेढे, वर टेपची फुली. डबा पिशवीच्या तळाशी सपाट, त्याच्या अंगाला काहीही तिरपं टेकवायचं नाही.

भाकरीची तऱ्हा उलटी. मऊ भाकरी तव्यावरून काढून तशीच फॉइलमध्ये गुंडाळली तर तिचीच वाफ तिला खाते. अर्ध्या तासात पापुद्रा लिबलिबीत होतो आणि खालची बाजू फॉइलला चिकटते. टोपलीत कापडावर दोन मिनिटं उभी ठेवून वाफ जाऊ द्यायची, मग बटर पेपरात घडी. वर्तमानपत्रात मुळीच नाही. छापील शाई अन्नाला लागू देणं नियमात बसत नाही आणि पोटालाही बरं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते गरम पाण्यानं मळून जेमतेम धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे भाकरी गार झाली की वातड होते, कडेनं तडकते. चाळीस मिनिटांच्या पुढं पोचणार असेल तर मऊ भाकरीची ऑर्डर घेऊच नये, कडक द्यावी. आणि कडक भाकरी गरम डब्याच्या शेजारी कधीही नको. लहान पिझ्झाला वापरतात तसली पुठ्ठ्याची चपटी पेटी आठ-नऊ इंची मिळते, तिच्यात ठेवली तर अख्खी पोचते. पेटीच्या झाकणावर एक ओळ छापून घ्यावी: 'ही भाकरी चुरून, वरून रस्सा घालून खावी.' वाढपी तिथं नसला तरी निदान एवढं जावं.

शेंगाचटणीचं तेल कागदातून पाझरतं, ती दाबबंद पुडीतच. कांदा नेहमी वेगळा, नाहीतर सगळ्या पार्सलला त्याचा दर्प लागतो. भज्यांच्या पेटीला वर चार भोकं हवीत. बंद पेटीत दहा-बारा मिनिटांत त्यांचा कुरकुरीतपणा जातो. शहराच्या पूर्व भागातल्या सकाळच्या इडलीला सांबार कधी वरून ओतू नये. आणि निखाऱ्यावरचा शिक. तो पार्सल करूच नये असं माझं मत आहे. सळईवरून उतरल्यावर त्याच्या चरबीचा चुरचुराट पाच मिनिटांचा असतो. डब्यात उरतो तो नुसता मांसाचा तुकडा, आणि तो खाऊन सोलापूरचा शिक कसा असतो याविषयी कुणी मत बनवावं हे फार वाईट.

२०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाल्यावर पातळ पिशव्या गेल्या. पूर्वी पार्सल म्हणजे गाठ मारलेली पिशवी, तिच्यात थेट रस्सा. घरी जाऊन पातेल्यात सोडायचा. शेजारपाजारचे लोक तर घरून डबा घेऊनच यायचे. कडीचा स्टीलचा डबा, तळाशी नाव कोरलेलं. डबा बघून मालकाला कळायचं कुणाकडचा आहे, किती माणसं आहेत, म्हाताऱ्याला तिखट चालत नाही. तो न सांगता वरची तर्री बाजूला सारून रस्सा भरायचा. आता टॅबवर नाव येतं, कधी तेही अर्धं, फोन नंबर सहसा येत नाही. वर्षभर दर शुक्रवारी जेवण मागवणारा माणूस खाणावळीला अनोळखीच राहतो. त्यानं अचानक मागवणं बंद केलं तर का केलं हे विचारायलाही वाट नाही.

एवढं असून ऑनलाइन नकोच असं म्हणता येत नाही, आणि ते म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की दुपारी नवी पेठेत चिटपाखरू नसतं. त्या वेळेला टॅब वाजतो तेव्हा चूल पेटलेली राहते, पोरांना काम राहतं. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलेला, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करत निघालेला प्रवासी रात्री दहाला खाणावळ शोधत फिरत नाही, तो फोनवर मागवतो. दुकान घेण्याची ऐपत नसलेल्या, पण हातची शेंगापोळी आणि धपाटे नावाजलेले असलेल्या बायकांना अन्नसुरक्षा नोंदणीच्या चौदा आकड्यांवर घरच्या स्वयंपाकघरातून गिऱ्हाईक मिळू शकतं. पूर्वी त्यांना बचतगटाच्या प्रदर्शनाची वाट बघावी लागे. आणि एक प्रकार या गावात विशेष दिसतो. पोरं पुण्याला. आई-बाप इथं, दोघंच, सत्तरीचे. आईचे गुडघे दुखतात, चुलीपुढं उभं राहवत नाही. पोरगी हिंजवडीत बसून सोलापुरातल्या घरी जेवण मागवते, पैसे तिकडून भरते, सूचनेच्या रकान्यात लिहिते, 'बेल दोनदा वाजवा, बाबांना ऐकू कमी येतं.' अशा ऑर्डरीवर कुणी कमिशनचा हिशेब काढू नये असं वाटतं. पण तोही निघतोच, २८.३२ टक्के.

अवघड गोष्ट पुढं आहे. अ‍ॅप खाणावळीला हळूहळू बदलवतं. जुळे सोलापुरातून, विजापूर रोडवरून येणारे पसंतीचे तारे तीनच्या खाली जाऊ नयेत म्हणून आधी तर्री कमी होते, कारण 'टू ऑइली' असं येतं. मग तिखट उतरतं. मग यादीत पनीर टिक्का मसाला आणि बिर्याणी शिरते, कारण शोधणारा माणूस ते शब्द टाकतो. बाजार आमटी शोधायचं त्याच्या मनातच येत नाही. एका चुलीवर दोन वेगळ्या जातीचे स्वयंपाक सुरू होतात. पनीरसाठी काजूची ग्रेव्ही फ्रिजमध्ये, तिला वेगळा माणूस, वेगळी कढई. बिर्याणीला तांदूळ वेगळा. साठा वाढतो, वाया जाणं वाढतं, आणि तव्यावरच्या मावशी ऑर्डर वाजेपर्यंत बसून राहतात. वर्षभरानं मालक बघतो तर त्याची ओळख असलेली गोष्ट यादीत सतराव्या नंबरवर आहे. रश्श्याची चव उतरल्याचं पहिल्यांदा बाकावर बसणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला कळतं. तो काही लिहीत नाही, तारे देत नाही. तो येणं कमी करतो.

हे टाळता येतं, आणि त्याला अ‍ॅप सोडून द्यायची गरज नाही. थाळी ऑनलाइन टाकू नये. थाळी म्हणजे मागून वाढणं, ते पोचवता येत नाही. त्याऐवजी वाटेत न बिघडणारे सहा-सात पदार्थ वजन-मापासकट द्यावेत: रस्सा अर्धा लिटर, सुकं मटण पाव किलो, कडक भाकरी सहाचा पुडा, शेंगाचटणी शंभर ग्रॅम, धपाटे चार आणि दही, आमटी अर्धा लिटर. घरी माणसं चार असतात, भात घरात शिजतो, भाकरीही कुणी करतं. त्यांना हवा असतो रस्सा. अर्धा लिटरचा एक डबा गेला की ऑर्डरची रक्कम मोठी होते आणि सोळा रुपयांचा डबा-पिशवीचा खर्च तिच्यात मुरतो. सूट द्यायचीच तर टक्क्यांत न देता ठरावीक रकमेच्या वर द्यावी, ४५० च्या पुढे ५० रुपये अशी. '५० टक्के, १०० रुपयांपर्यंत' या योजनेत २०० च्या ऑर्डरला अर्धे पैसे जातात आणि ६०० च्या ऑर्डरला सहावा हिस्सा. म्हणजे ती लहान ऑर्डरी ओढून आणते, नेमक्या ज्यांत आधीच काही सुटत नाही त्या. आणि आठवड्याचा हिशेब येतो त्यातली प्रत्येक कपात वाचावी. परतावा चुकीचा वाटला तर मुदतीत हरकत घ्यावी. पार्सल बंद करण्याआधी टेबलावर एक फोटो काढून ठेवायची सवय लावली तर हरकतीला आधार मिळतो.

वेळेचंही तसंच. टॅबवर पदार्थ तयार व्हायचा वेळ बारा मिनिटं भरून ठेवलेला असतो, आणि रात्री साडेआठला बाकं भरलेली असताना खरे पंचवीस लागतात. रायडर दारात उभा राहतो, त्याचा वेळ जातो, त्याची कमाई बुडते, आणि तो पुढच्या वेळी तुमची ऑर्डर उचलायला नाखूष असतो. गर्दीच्या दोन तासांत वेळ वाढवून ठेवावा किंवा टॅब सरळ बंद करावा. सरावलेला मालक बाकावरच्या माणसाची भाकरी काढून पार्सलात घालत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा जुन्या पेठांतून दुचाकी बाहेर काढणं मुश्कील, तेव्हा आधीच सुट्टी टाकलेली बरी; उशिरा पोचलेल्या रश्श्याचे तारे वर्षभर खाली राहतात. रायडरला सावलीत बसायला बाक आणि पाण्याचा माठ ठेवावा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात माठभर पाण्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ठेवावा. आपला डबा सरळ धरून नेणं त्याच्या हातात आहे.

आणि दोन-अडीच किलोमीटरच्या आतली पार्सलं स्वतः पोचवावीत. याचा हिशेब सोपा आहे. संध्याकाळच्या चार तासांना पोराला ४०० रुपये आणि पेट्रोलचे १००, असे ५०० दिले आणि त्यानं वीस पार्सलं पोचवली तर पार्सलामागं २५ पडतात. अ‍ॅपवर ३०० च्या पार्सलामागं ८५ जातात. सहाच पार्सलं असतील तर ८३, म्हणजे जवळपास बरोबरी, आणि त्याहून कमी असतील तर ऑनलाइनच बरं. त्यामुळे पहिल्या दिवशी पोरगा ठेवू नये. आधी महिनाभर फोनवरच्या ऑर्डरी वहीत लिहाव्यात, कोणत्या पेठेतून, किती वाजता. रोज दहाच्या वर जायला लागल्या की ठेवावा. त्यासाठी एक नंबर लागतो, फक्त धंद्याचा, मालकाच्या खासगी फोनवरचा नको. तो काउंटरच्या बिलावर, गल्ल्यासमोरच्या पाटीवर, शटरवर मोठ्या आकड्यांत हवा. त्यावरच व्हॉट्सअ‍ॅप, त्यात रोजचा बेत सकाळी अकरापर्यंत. आणि संध्याकाळी सात ते दहा तो फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलणारं, 'तर्री वेगळी देऊ का?' एवढं विचारणारं माणूस हवं.